कालकथित सम्यक ऊर्फ भैरव

सम्यक वारल्याची बातमी कल्याणच्या कोळसेवाडीत सगळ्यांत उशिरा सम्यकच्याच घरी पोहोचली. तोपर्यंत ती नाक्यावरच्या दूधवाल्याला कळली होती, रिक्षास्टँडला कळली होती, आणि खोपटच्या एसटी डेपोत सम्यकचे वडील रतन ज्या बसखाली आडवे होऊन काम करत होते, त्या बसच्या कंडक्टरलाही कळली होती. फक्त कांताबाईंना माहीत नव्हती. त्या शनिवारी दुपारी कांदा चिरत बसल्या होत्या आणि मुलगा सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन खडवलीला गेला म्हणून जरा खुशीतच होत्या. घरी असला की तो बिछान्यात लोळत वाचायचा आणि चादर चुरगाळून ठेवायचा.

पहिल्यांदा शेजारची सोनल आली. हातात पिठल्याचं पातेलं, त्यावर झाकणासारख्या ठेवलेल्या भाकऱ्या.

"हे कशाला गं?" कांताबाईंनी विचारलं.

"असू दे, वहिनी. आज तुम्ही चूल नका पेटवू," सोनल म्हणाली आणि पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली.

कांताबाईंना वाटलं, हिचं नवऱ्याशी वाजलं असणार. त्यांनी चहा ठेवला. तेवढ्यात समोरच्या दोघी आल्या, मग वरच्या मजल्यावरची म्हातारी आली, आणि सगळ्या पांढऱ्या साड्यांत. कांताबाईंनी आधणात पाणी वाढवलं. दुःखाच्या घरी जाऊन चहा मागू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुःखी माणूस स्वतःच चहाचा कप पुढे करतो तेव्हा काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्यांनी तो घेतला. म्हातारीने साखर कमी आहे असंही सांगितलं.

"हिला अजून कळलेलं दिसत नाही," एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली.

"मग तू सांग."

"मी कशी सांगू? तू तिच्या जवळची."

अशी ती टोलवाटोलवी चालली होती.

हे सगळं घडलं एका पुस्तकापायी. 'नीलखंडाचे राखणदार' ही पोरांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबऱ्यांची मालिका. चार भाग झाले होते, पाचवा नुकताच आला होता. तारिणी नावाची मुलगी शापित किल्ले सोडवत हिंडते. भैरव तिचा लहानपणापासूनचा मित्र. तो तिचं सामान उचलतो, जखमा बांधतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. दुसऱ्या भागात अर्णव नावाचा राजपुत्र उगवतो. तो काहीच उचलत नाही, पण त्याचे डोळे घारे आहेत.

एवढ्यावरून वाचकांत तट पडले होते. कल्याण-डोंबिवलीतल्या वाचकांच्या ग्रुपवर रोज भांडणं व्हायची. डोंबिवलीच्या एका काकूंनी अर्णवला स्थळ म्हणून नापास केला होता, कारण त्याच्या राज्यावर आधीचेच दोन शाप बाकी होते. ठाण्याच्या एका मुलीने भैरवाची बाजू घेतली म्हणून सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. आणि सम्यक व संचिता पाचवीपासूनचे मित्र असूनही ह्याच एका बाबतीत समोरासमोर उभे होते.

"तारिणी भैरवाचीच आहे," सम्यक म्हणायचा. "त्याच्याएवढं तिला कोण ओळखतं?"

"म्हणूनच नाही ना," संचिता म्हणायची. "तो मित्र आहे रे. मित्राला कशाला त्या भानगडीत ओढायचं? चांगला मित्र वाया जातो."

दोघं मिळून प्रत्येक भागाची एकच प्रत घ्यायचे. संचिता भराभर वाचायची, म्हणून आधी ती, मग सम्यक. सम्यकचं आणखी एक होतं, ते संचिता सोडून अख्ख्या चाळीला माहीत होतं. तिला विचारायची हिंमत त्याला आठवीपासून झाली नव्हती. पाचवा भाग येणार हे कळल्यावर त्याने मनाशी ठरवून टाकलं, की तारिणीने भैरवाला हो म्हटलं की आपणही संचिताला विचारायचं. शहाण्या माणसाने आपलं नशीब असं दुसऱ्याच्या लेखणीला बांधू नये. पण चोविसाव्या वर्षी शहाणपण कोणाकडे असतं?

शुक्रवारी संध्याकाळी संचिताने पुस्तक त्याच्या हातात दिलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"लवकर वाच," ती म्हणाली. "मग बोलू आपण."

सम्यकने त्या लाल डोळ्यांचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. कोणी शेवट सांगून टाकू नये म्हणून त्याने ग्रुप सोडला, सकाळी फोनही बंद केला आणि खडवलीला नदीकाठी जाऊन बसला.

संचिता रडली होती ती भैरव मेला म्हणून. अर्णवला वाचवताना मेला, तेही शेवटून दुसऱ्या प्रकरणात. रविवारी ठाण्यात वाचकांचा मेळावा होता आणि लेखक स्वतः यायचे होते. "त्यांना लाज वाटली पाहिजे," असं ग्रुपवर ठरलं. हॉलच्या दारातच भैरवाच्या आदरांजलीचा मोठा बॅनर लावायचा. काम संचिताने अंगावर घेतलं. शनिवारी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात डबा खाता खाता तिने कोळसेवाडीतल्या विश्राम फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवला. फोटोची अडचण होती, कारण मुखपृष्ठावर भैरव नेहमी पाठमोरा असायचा. मग तिने गेल्या वर्षीच्या मेळाव्यातला, भैरवाच्या वेशातला सम्यकचा फोटो पाठवला. खांद्यावर घोंगडी, काजळाने काढलेली मिशी, आणि नजर दूर कुठेतरी. बॅनर कुठे लावायचा ते संध्याकाळी सांगते, असंही तिने लिहिलं.

विश्राम मनाचा मोठा माणूस, आणि सगळा घोळ त्या मोठेपणाने झाला. त्याने फोटो बघितला आणि खुर्चीत मागे टेकला. हा तर आपल्या रतनदादांचा पोरगा. भैरव हे त्याचं लाडाचं नाव असणार. मित्रमंडळी शोकात आहेत, त्यांना खरं नाव घालायचंही सुचलेलं नाही. अशा वेळी पुन्हा फोन करून विचारणं त्याला बरं वाटेना. त्याने स्वतःच नाव दुरुस्त केलं. घर बौद्ध, म्हणून 'कैलासवासी' न घालता 'कालकथित' घातलं. आदरांजलीचा बॅनर संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवायचा नसतो, ही त्याच्या धंद्यातली शिस्त. तो लावायचा माणसाच्या स्वतःच्या नाक्यावर, म्हणून तोही त्याने जातीने लावला. मजुरी धरली नाही.

बॅनर नाका व्यापून होता. 'कालकथित सम्यक ऊर्फ भैरव यांना भावपूर्ण आदरांजली.' त्याखाली संचिताने लिहिलेली ओळ: 'मित्र म्हणून जगलास, मित्र म्हणूनच गेलास.' आणि सगळ्यांत खाली 'शोकाकुल' ह्या शब्दापुढे ग्रुपमधल्या सगळ्यांचे गोल फोटो. फोटो छापल्याशिवाय कोणी वर्गणी देईना, म्हणून ते घालावे लागले होते. पहिला फोटो संचिताचा. त्यात ती हसत होती.

इकडे घरी सखारामकाका आले. चाळीत कोणाचंही काही झालं की पुढचं सगळं काकाच बघायचे. त्यांनी पिशवीतून मेणबत्त्या काढल्या, टेबलावरच्या बुद्धमूर्तीपुढे लावल्या आणि कांताबाईंसमोर बसले.

"कांता, मन घट्ट कर. सम्यक सकाळी कुठे गेलेला?"

"खडवलीला. नदीवर."

बायकांतून एक हुंदका फुटला. खडवलीची नदी पोरं ओढून घेते, हे कल्याणात कोणाला सांगावं लागत नाही. आतापर्यंत कसा गेला एवढंच कोणाला माहीत नव्हतं. आता तेही जुळलं.

कांताबाईंच्या हातातली किटली खाली ठेवायची राहून गेली. त्यांनी मुलाला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. आपण त्याला निघताना डबासुद्धा दिला नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरत राहिली, आणि मग त्या अशा रडल्या की म्हातारीने साखरेचं बोलणं मनातल्या मनात परत घेतलं.

डेपोतल्या दोघांनी रतनना घरी आणलं. हात तसेच ग्रीसने काळे. ते उंबऱ्यावरच बसले.

"सकाळी ओरडलो त्याला," ते म्हणाले. "चादरीवरून."

त्याच वेळी संचिता धावत आली. ऑफिसातून परतताना रिक्षातूनच तिला बॅनर दिसला होता. एका नजरेत तिला झालेला घोळ कळला आणि सगळ्यांना ओरडून सांगायचं म्हणून ती जिने चढली. पण दारातच तिला खडवली, नदी आणि बंद फोन असं तिन्ही एकदम ऐकू आलं. बॅनर खोटा आहे हे तिला ठाऊक होतं. बातमी खोटी आहे की नाही, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"काका, तो बॅनर मी बनवलेला," ती म्हणाली. "तो सम्यकचा नाहीये. भैरवाचा आहे. भैरव मेला."

"हो बाळ."

"तसं नाही. पुस्तकातला भैरव. अर्णवला वाचवताना मेला."

"अर्णवही होता बरोबर?" काकांनी दचकून विचारलं. "त्याच्या घरी कळवलं का कोणी?"

संचिता सांगत गेली आणि माणसं माना हलवत गेली. सगळ्यांचं एकमत झालं, की पोरीला धक्का बसलाय. सोनलने तिला जवळ घेतलं.

"रड, रड. तुझ्यावर किती जीव होता गं त्याचा. शाळेपासून. तुला विचारीन विचारीन करत राहिला बिचारा."

"काय विचारीन?"

सगळी चाळ तिच्याकडे बघत होती. त्यांचं हे बघणं संचिताला नवीन नव्हतं. सम्यक आणि ती जिन्यावर गप्पा मारत बसले की लोक असंच बघत जायचे. तिला वाटायचं, जिना अडवला म्हणून बघतात.

खडवलीला सम्यक सुखात होता. पुस्तकात तारिणी किल्ल्याच्या तटावर बसली, भैरवाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "तू नसतास तर मी केव्हाच हरले असते." सम्यकने तिथेच पुस्तक मिटलं. शेवटची दोन प्रकरणं उरली होती, पण आता वाचायचं काय राहिलं? याला हो नाही तर काय म्हणतात? तो कल्याणला उतरला तेव्हा संचिताशी काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं.

नाक्यावर विश्राम शिडीवर चढून बॅनरची सुटलेली दोरी बांधत होता. सम्यकने वर बघितलं. स्वतःचा फोटो बघितला, मिशी ओळखली, मजकूर वाचला. आपण वारल्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, कारण ते खरं नव्हतं. त्याखालच्या ओळीने त्याचे पाय थांबले.

"दादा," त्याने खालून विचारलं, "भैरव मेला?"

विश्रामने खाली बघितलं. दोरी त्याच्या हातातून सुटली नाही, उलट ती त्याने दोन्ही हातांनी धरली. तो बराच वेळ खाली उतरला नाही.

घरी सम्यक दारात उभा राहिला तेव्हा कांताबाईंनी आधी त्याच्या एक थोबाडीत दिली आणि मग त्याला असं धरलं की त्याला श्वास घेता येईना. रतननी काळ्या हातांनीच त्याचा चेहरा चाचपला. म्हातारी म्हणाली, "जिवंत आहे होय," आणि तिच्या आवाजात थोडी निराशा होती असं सोनलने नंतर सांगितलं. सखारामकाकांना मेणबत्त्या विझवणं बरं दिसेना. सगळे जमलेच आहेत तर वंदना घेऊ, असं ते म्हणाले. सम्यकही हात जोडून बसला. मग पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून संपवली.

दिवेलागणीला तो बॅनर उतरवायला नाक्यावर गेला. संचिता मागोमाग आली आणि तिने शिडी धरली.

"ती ओळ मी भैरवासाठी लिहिलेली," ती खालून म्हणाली.

"कळलं."

"तुझ्यासाठी थोडीच होती."

सम्यकने एक दोरी सोडली. बॅनरचा कोपरा दुमडला आणि 'शोकाकुल' झाकलं गेलं.

"माझ्यासाठी असती तर काय लिहिलं असतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. दिवसभर मेलेल्या माणसाशी कोणीही चार शब्द गोड बोललं असतं. संचिता मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शिडीवरचा तिचा हात हलला नाही.

"तेच लिहिलं असतं रे," ती म्हणाली. "आणि जास्त रडले असते."

सम्यकने दुसरी दोरी सोडली. कांताबाईंनी निघतानाच बजावलं होतं, फ्लेक्स फाडू नको, गॅलरीत पावसाला लावायला होईल. त्याने तो नीट गुंडाळला आणि खाली उतरला. दोघांनी दोन टोकं धरली आणि घराकडे चालू लागले. रिक्षास्टँडवरच्या लोकांनी सम्यककडे बघितलं, मग गुंडाळीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

"सहावा भाग दिवाळीत येतोय," बरंच चालून झाल्यावर संचिता म्हणाली. "ह्या वेळी तू आधी वाच."

"नको," सम्यक म्हणाला. "तूच आधी वाच. आणि शेवट मला लगेच सांगून टाक."