पेटी, कीबोर्ड आणि माझा तिसरा मुद्दा

वादात मला हरवील असा मनुष्य मालवण तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे, असे माझे मत होते. आणि ते खोडून काढायला कोणीही पुढे न आल्यामुळे, ते सिद्धच झाले असे मी समजत असे. जन्मभर मुलांना मराठी शिकवलेल्या मास्तराची तेवढी तरी मिळकत असावी! ही गोष्ट दोन हजार सात सालच्या एका वादाची. तो वाद मी जिंकलो. पण कसा, ते ऐका!

आमची एकुलती एक संचिता लग्न होऊन मस्कतला गेली आणि तिथेच तिला मुलगी झाली. नात मी अजून फोटोतच पाहिलेली. एके दिवशी फोन आला.

"बाबा, आयची अंगाई टेप करून धाडा. ह्या चेडू झोपणाच नाय! पण मागसून तुमची पेटी व्हयी हां. पेटी नाय तर आमचा घर वाटूचा नाय."

घर वाटणार नाही! हे वाक्य कानात शिरल्यावर बापाने स्वस्थ कसे बसावे? मी तत्काळ माळ्यावरची पेटी उतरवली. खाऱ्या हवेने आतले पितळी सूर हिरवे पडले होते, आणि भात्यात उंदरांनी पिढीजात संसार थाटला होता. सा दाबला की आतून चूं चूं असे उत्तर येई!

माझा पुतण्या मंगेश कट्टा गावी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. संगणक, माइक आणि आत्मविश्वास असा सारा सरंजाम रिक्षात घालून तो अंगाई टेप करायला आला.

"काका, पेटी कित्याक व्हयी? हेच्यात सॉफ्टवेअर आसा. पेटी, सनई, सतार, सगळा आत! भात्याचो आवाज पण आसा. व्हयो तर घालूचो, नको तर काढूचो."

"ज्याचा श्वास हवा तेव्हा काढून घेता येतो ते वाद्य नव्हे मंगेश, ते प्रेत!" मी कडाडलो. माझा पक्ष कीबोर्डाचा होता. त्याला निदान खऱ्या पट्ट्या असतात, बोटाखाली काही जाणवते. तसा एक मी रेडीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मागून आणलाच होता.

"बरा, बरा," माइक जुळवत मंगेश म्हणाला. "आवाज कितपत येता ता बघतंय. कायव बोलत ऱ्हवा."

काहीही बोलत राहा! असे कोणी मला म्हणावे? मुळात वाद्य म्हणजे काय, येथपासून मी आरंभ केला. दुसऱ्या मुद्द्यावर होतो, तोच आमच्या कुटुंबाचा, म्हणजे नर्मदेचा, स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, चाय थंड होता! सोडा आता तेका!" मी तिसरा मुद्दा मांडणार, एवढ्यात मंगेशने "बास काका, सेव्ह केलंय" म्हणून हात जोडले.

प्रथम त्याच्या सॉफ्टवेअरची परीक्षा झाली. संगणकाच्या अक्षरांवरच पेटी वाजवायची! मी सा दाबला. शांतता. चहाचा घोट घेतला. मग सा उमटला! तळेऱ्याच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहावी, तशी मी एकेका सुराची वाट पाहत होतो.

"कॉम्प्युटर जुनो आसा," मंगेश पुटपुटला.

"पेटी त्याहून जुनी होती!" मी पहिला गड जिंकला.

आता कीबोर्ड. पण नर्मदेने माझा हात धरला. "नवीन वस्तू आसा. गाऱ्हाणा घातल्याशिवाय हात लावचो नाय!"

लगेच देवाला साकडे घालायला शेजारचे तुकाराम तांडेल नारळ घेऊन हजर झाले. त्यांच्यामागून अर्धी वाडी.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गर्जली.

"आज आमच्या मास्तरानी नवी पेटी हाडल्यानी हा…"

"व्हय म्हाराजा!"

"काका-पुतण्यात जो काय वाद पडलो आसात, तो दूर कर, आणि मस्कताच्या चेडवाक गाढ झोप दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नर्मदेने डोळे मिटून अंगाई धरली. संचिता पाळण्यातून उतरली त्यानंतर तिने ती म्हटलीच नव्हती. मी कीबोर्डावर साथ धरली. पहिली ओळ संपली, तिने श्वास घेतला, आणि मोकळी जागा दिसताच वाडी सवयीने ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"मेल्यानू, गप ऱ्हवा!" तुकारामांनी दटावले.

पुन्हा आरंभ. या वेळी वाडी तोंडावर हात ठेवून बसली. पण माझी करंगळी कुठल्याशा बटणावर पडली आणि कीबोर्डातून ढोल, ताशे, झांजा यांचा असा कल्लोळ उठला की जणू अंगाई संपून नवरदेवाची वरात निघाली! थांबवायचे बटण सापडेना. मागे दोघे-चौघे नाचू लागले. "वायर काढा!" मी ओरडलो. कोणीतरी काढली. ती संगणकाची होती! कीबोर्ड बॅटरीवर वाजतच राहिला.

अखेर वाडीला घरी धाडून, दारे लावून, आम्ही अंगाई पुरी केली. त्याच संध्याकाळी गावातला एक जण मस्कतला निघाला होता. मंगेशने धावतपळत सीडी केली आणि ती काजूगरांच्या पुड्यातून रवाना झाली.

काही दिवसांनी फोन आला. "बाबा, सीडी गावली. पण आयची अंगाई खंय आसा?"

माझ्या पायांखालची वाळू सरकली. मंगेशने घाईत भलतेच धाडले होते: आवाज तपासताना सेव्ह केलेले माझे भाषण!

"पेटी नाही? कीबोर्ड नाही?"

"कायच नाय. तुमीच आसास! पण बाबा, चेडू झोपला!"

"काय सांगतेस!"

"'मुळात वाद्य म्हणजे काय' म्हटलात की जांभई. दुसऱ्या मुद्द्यार घोराक लागता! आता रोज ताच लावतंय."

मी विचारले, "आणि तू गो?"

"मी शेवटापर्यंत आयकतंय. आय चायेक हाक मारता ना, थंयसर परत परत येतंय. पेटी नाय त्याच्यात, पण घर आसा."

मी फोन नर्मदेच्या हाती दिला. मला एकाएकी चष्मा पुसायचा होता.

अंगाई मागाहून गेली. मंगेश अजून विचारतो, "मगे काका, सॉफ्टवेअर की कीबोर्ड?" वाद मीच जिंकलो, यात शंका नाही, कारण दोन्ही पक्ष माझ्या भाषणापुढे हरले! संचिता म्हणते, सुट्टीत येऊ. या नाही, तर पुढच्या. नात आली की तिला ओटीवर मांडीशी बसवून तिसरा मुद्दा सांगायचा आहे. तो अद्याप कोणीच ऐकलेला नाही. तोवर ती जागी राहील, अशी आशा करण्यात मात्र अर्थ नाही!