धोबी आला, सासरे थांबले

टेलरमास्तरांनी सकाळी घरातल्याच, पुढच्या खोलीतल्या दुकानाचं दार उघडलं आणि लगेच हलकेच ओढून घेतलं. समोरच्या बागेत, गवताच्या तुकड्यावर, थंडीचा पाहुणा उतरला होता. धोबी पक्षी! वीतभर जीव, पण कुठून कुठून डोंगर ओलांडून आलेला. शेपटी खालीवर हलवत किडे टिपत होता. मास्तर खिडकीला नाक लावून बसले.

तेवढ्यात फाटक करकरलं. सासरे! सफारीच्या बाह्या आखूड शिवल्यावरून वर्षभर सासरे-जावयांत अबोला होता. बायकोनं नाकदुऱ्या काढून वडिलांना बोलावलं होतं आणि हॉस्पिटलात ड्यूटीवर जाताना नवऱ्याला बजावलं होतं, "बाबांचा मान राखा. या वेळी बिनसलं तर माझ्याशी गाठ आहे!"

मास्तरांनी घाईघाईनं पंजा दाखवला. थांबा! मग ओठांवर बोट ठेवलं. सासरे निवृत्त ड्रिलमास्तर. खूण होताच बॅगेसकट जागच्या जागी सावधान! चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

शेजारच्या काकू मास्तरांच्या खिडकीशी कुंपणावरून डोकावल्या. "अहो, सासऱ्यांना बाहेर का उभं केलंय?"

"धोबी आलाय," मास्तर कुजबुजले. "तो जाईपर्यंत कुणी आत यायचं नाही."

काकूंनी थेट हॉस्पिटलात फोन लावला. "अगं, धोब्यापायी तुझ्या बाबांना फाटकात ताटकळत ठेवलंय गं!"

नर्सबाई युनिफॉर्मवरच धावत आल्या. एव्हाना फाटकाबाहेर अर्धी गल्ली जमली होती. "लाज नाही वाटत तुम्हाला?" त्या गरजल्या.

मास्तरांचं धाबं दणाणलं. दार ढकलून ते धावले. "बाबा, चुकलं माझं!"

पक्षी भुर्रकन उडाला. सासरे लालबुंद झाले. "अहो, काय माणूस आहात! बुटावर चढत होता तो माझ्या! जन्मात इतक्या जवळून पाखरू पाहिलं नव्हतं. उडवलंत ना?"

"परत येईल, बाबा. रोज येतो."

"किती दिवस असतो इथे?"

"उन्हाळा लागेपर्यंत."

"मग मी थांबतो," म्हणत सासऱ्यांनी बॅग खाली ठेवली. नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी खिडकीशी सासऱ्यांची खाट लागली आणि शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पायंडलवर पाय ठेवला, तोच पुढच्या खोलीतून दबक्या आवाजात हुकूम आला,

"जावईबापू, ते मशीन बंद! तो बिचकतोय."