जलवंतीच्या शिडातील भोकाची हकीकत

श्रीनृसिंह प्रसन्न. ज्याच्या श्वासाने वारा वाहतो त्यास आधी दंडवत, मग कथेस बसलेल्या सज्जनांस, आणि मग हकीकत. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, चैत्र वद्य तृतीया. संवत्सराचे नाव ऐकूनच कित्येकांनी मान हलविली. ते दिवशी राज्यात हुकूम जाहला की, समुद्रात चालणाऱ्या आगबोटींनी आपला धूर निम्मा करावा. कारण ऐसे की धुराने आभाळ तापले, आभाळाने समुद्र तापला, आणि समुद्र फुगून किनाऱ्यावरील माडांच्या मुळाशी आला. हे खरेच, आम्ही डोळ्यांनी पाहिले. परंतु धूर निम्मा करणे म्हणजे काय करणे, हे कोणास उमगेना. एक सरदार बोलिले की धुरांडी अर्धी कापावी. कापून पाहिली, तो धूर तितकाच, फक्त खलाशांच्या डोळ्यांत जाऊ लागला. मग दरबारचे शास्त्री उठले आणि म्हणाले, काळा दिसतो तो धूर किरकोळ. मुख्य अपराधी कर्बवायू, आणि तो दिसत नाही. येथे सभा गोंधळली. दिसत नाही आणि सर्वत्र भरून आहे तो देव, इतके कीर्तनात ऐकून सर्वांस ठाऊक. आता तैसाच दुसरा निघाला, त्यास धरावे कैसे? शेवटी महाराजांनीच तोड काढिली की, वायू न दिसो, तेल तर दिसते, आणि तेल जळते तेव्हाच वायू निघतो. सबब प्रत्येक आगबोटीच्या टाकीत निम्मेच तेल भरून वर मोहोर करावी. तेवढ्यात समुद्रापलीकडील पैलबंदर गाठील ती बोट राहील, न गाठील ती मोडीत काढावी.

पहिली पाळी आमच्या गावच्या जलवंतीची आली. जलवंती म्हणजे जुनी मालाची आगबोट. तिजवर धाकोजी सारंगे तांडेल आणि बावीस खलाशी, म्हणजे गावातील तेवीस चुली. बोट मोडली तर तेवीस घरांस कुलूप लागावयाचे, हे सर्वांस कळत होते. धाकोजींनी हुजुरात जाऊन अर्ज केला की, बोट सावकाश चालविली तर तेल पुष्कळ वाचेल. त्यावर दिवाणांनी शंका काढिली की, सावकाश गेलियास दिवस वाढतील, मग धूर जास्त दिवस निघणार नाही काय? तेव्हा धाकोजी म्हणाले, "सरकार, देवाची पालखी घेऊन धावलं तर एका प्रदक्षिणेत दम जातो. चालत नेली तर तीन होतात. इंजिनाचंही तसंच." दिवाणांनी बहुत विचार केला आणि पुसले, "म्हणजे इंजिनास प्रदक्षिणा घालावयाच्या?" धाकोजी नमस्कार करून परतले.

घरी येऊन हिशेब मांडिला तो संकट निराळेच. जलवंतीचे इंजीन म्हातारे, फार हळू चालविले की खोकून बंद पडे. जितके सोसेल तितके हळू नेले तरी दोन दिवसांचे तेल कमी पडत होते. ते दोन दिवस वाऱ्यावर काढावे तर शीड हवे, आणि इंजिने आली तेव्हाच शिडे फाडून लोकांनी भाताच्या पेंढ्यांची उडवी झाकिली होती. राज्यात मोठे शीड उरले एकच. ते आमच्याच गावच्या आवडाबाईंच्या यजमानांनी जुने गलबत मोडिले तेव्हा ग्रामदेव नृसिंहास वाहिले होते, आणि वैशाखातील सात दिवसांच्या कीर्तनास देवळाच्या अंगणावर मांडव म्हणून तेच ताणीत असत. अंगणाच्या मधोमध दीपमाळ. ती वर निघावी म्हणून शिडास मधोमध परातीएवढे भोक पाडिले होते.

उत्सव आठ दिवसांवर आलेला, शीड अंगणावर ताणून झालेले. गाव देवळात जमला आणि मग मोठा घोळ जाहला. कोणी म्हणे देवास वाहिलेले परत घेऊ नये, कोणी म्हणे उसने घ्यावे, कोणी म्हणे कौल लावावा, आणि कौल लाविला तो फूल मधेच अडकून राहिले, उजवे नाही, डावे नाही. तेव्हा सर्वांनी कीर्तनकार अनंतबुवांकडे पाहिले. बुवांचा आवाज ऐसा की ऐकणाऱ्याने मनातले वैर विसरावे. ते म्हणाले, "कथा उन्हात होते, मी केली आहे. पण तेवीस घरं उठून गेली तर मी भिंतींना सांगू का?" आणि आपणच दोर सोडावयास लागले. आवडाबाईंचे वय ऐंशी. शिडे शिवण्यात जन्म गेलेला. त्यांनी भोकात डोके घालून पाहिले आणि धाकोजींस म्हणाल्या, "तसलं कापड आता मिळायचं नाही रे बाबा. ठिगळ लावलं तर पहिल्या वाऱ्याला तेच उडेल. फाटत जाऊ नये एवढं करते." मग भोकाच्या कडेने दोर घालून तीन दिवस शिवीत बसल्या.

जलवंती निघाली. खलाशांत शीड चढविलेला एकही नाही. पहिल्या दिवशी ते उलटे चढले, दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्यावर पडले, आणि तिसऱ्या दिवशी कैसे कोण जाणे, भरले. धाकोजींनी इंजीन बंद करविले. ऐसी शांतता त्या बोटीवर कधी नव्हती, स्वयंपाकी वर येऊन हळूच पुसता जाहला, "तांडेल, आपण बुडालो का?" इकडे देवळात कीर्तन उन्हात चालले. सकाळी दीपमाळेची सावली पश्चिमेस, तेथे बुवा उभे राहत. सावली सरके तसे बुवा सरकत, बुवांमागे टाळकरी आणि टाळकऱ्यांमागे सभा. पूर्वरंग पश्चिमेस लागला आणि आख्यान पूर्वेस संपले. टाळ इतके तापत की पदरात धरून वाजविले. प्रल्हाद अग्नीत बसला तो प्रसंग आला तेव्हा सर्व श्रोत्यांस तो पुरता कळला.

बाराव्या दिवशी जलवंती पैलबंदरास लागली. मोहोर फोडून काठी घातली, तो टाकीत चार बोटे तेल शिल्लक. बोट वाचली. बंदराच्या अधिकाऱ्यांनी शीड पाहिले, भोक पाहिले, आणि हे यंत्र कोणते म्हणून विचारिले. धाकोजी बहुत थकलेले. खरे तेच बोलिले की येथून दीपमाळ जाते. अधिकाऱ्यांनी तैसेच लिहून दरबारास पाठविले. दरबारात शास्त्र्यांची सभा बसली आणि दोन पक्ष जाहले. एक म्हणे भोकातून कर्बवायू निघून जातो, दुसरा म्हणे भोकात शिरतो. निर्णयास आवडाबाईंस पालखी पाठवून आणविले. महाराजांनी आदरे पुसले, "आजी, त्या भोकाचे रहस्य काय?"

"ते भोक आहे, महाराज."

"परंतु वारा त्यातून जातो, मग बोट चालते कैसी?"

"उरलेल्या कापडावर चालते. भोक नसतं तर जरा बरी चालली असती."

शास्त्री एकमेकांकडे पाहून म्हणाले, थोर कारागीर आपली विद्या सांगत नाहीत. आणि हुकूम सुटला की सर्व आगबोटींनी सावकाश चालावे, मिळेल त्या कापडाचे शीड लावावे, आणि शिडास मधोमध परातीएवढे भोक पाडावे. चाळीस बोटींस भोके पडली. धूर खरोखरच निम्म्यावर आला, आणि यश भोकास मिळाले.

मग महाराज आवडाबाईंस म्हणाले, काय हवे ते मागा. त्यांनी मागितले की, दर वैशाखात सात दिवस शीड देवळास परत मिळावे. महाराजांनी दिले. शिडावाचून बोट काढावयाची नाही हा हुकूम होताच, म्हणून ते सात दिवस जलवंती बंदरात उभी राहते, इंजीन थंड, आणि तेवीसच्या तेवीस जण कीर्तनास येतात. पुढील वैशाखात शास्त्र्यांनी बोटीबोटीचा धूर मोजिला, तो त्या सात दिवसांत जलवंतीचा धूर शून्य निघाला. पुन्हा मोजिला, पुन्हा शून्य. हे कोणत्या यंत्राने घडले याचा शोध दरबारात अद्याप चालू आहे. दुपारी भोकातून ऊन उतरते आणि दीपमाळेच्या पायरीवर पडते. तेथे आता धाकोजी बसतात, डोळे मिटून.

सारांश, धूर कमी जाहला, बोट राहिली, घरे राहिली. का राहिली ते ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने ठरवावे. आम्हांस इतकेच ठाऊक की पुढल्या वैशाखी कथेस पुन्हा सावली होती.