सागरसर्प आणि हेडक्लार्कांची डुबकी

"या किनाऱ्यावर सागरसर्प नव्हता, नाही आणि माझी सही आहे तोवर असणारही नाही!"

बंदर कार्यालयाच्या हेडक्लार्कांनी हे वाक्य भर कचेरीत, टेबलावर मूठ आपटून उच्चारलं आणि तिथंच त्यांचे ग्रह फिरले.

झालं होतं असं, की दोन आठवड्यांत सात जणांना तो सर्प दिसला होता. म्हातारे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याबद्दल सांगत आले तोच, काळाकुट्ट, गलबताहून लांब! पोस्टमनला तर त्याच्या पाठीवरचे उंचवटेसुद्धा मोजता आले होते. पोहायला चिटपाखरू फिरकेना. हॉटेलं ओस पडली. म्हणून हेडक्लार्कांनी 'समुद्र सुरक्षित आहे' अशी नोटीस काढली, तर लोक तीही लांबूनच वाचून पळाले.

"नोटिशीनं भागायचं नाही," बंदर अधिकारी म्हणाले. "तुम्हीच पोहून दाखवा की! उद्या सकाळी दहाला, सगळ्यांसमोर."

"हो, त्यात काय!" हेडक्लार्क म्हणाले खरे, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

घरी बायको काकुळतीला आली. "अहो, ताप आला म्हणून कळवा ना!"

"शब्दाचा पक्का माणूस आहे मी!" असं म्हणून ते भरल्या पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ही गर्दी! पण पाण्यापासून वीस पावलांच्या आत एकही माणूस नाही. हेडक्लार्क एकटेच आत शिरले. पाणी गार. कसेबसे तीस हात मारून ते वळले, आणि त्यांच्या पोटाखालचं पाणी काळं झालं.

ढग असेल म्हणून त्यांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ! खालचा काळोख मात्र सरकतच होता, मालगाडीच्या डब्यामागून डबा जावा तसा. संपेचना! मग समोर, किनाऱ्याकडच्या अंगाला, पाण्याच्या जेमतेम वर एक डोळा आला. ताटाएवढा. अपुऱ्या कागदपत्रांचा अर्जदार पाहावा तसं त्यानं हेडक्लार्कांना पाहिलं आणि सावकाश तो खाली गेला. भर समुद्रात त्यांच्या तोंडचं पाणी पळालं!

त्यांनी दोन्ही हात हलवले. "मागे व्हा! मागे!"

"बघा, बोलावतायत!" किनाऱ्यावरून अधिकारी ओरडले.

"साप! साप!"

"पाणी साफ आहे म्हणतायत! चला!"

आणि अख्खा गाव समुद्रात घुसला! पोस्टमन, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे. सगळ्यांच्या पुढे हेडक्लार्कांची बायको, सपासप हात मारत. आणि तो काळोख नेमका दोघांच्या मधे.

आतापर्यंत हेडक्लार्क स्वतःसाठी घाबरले होते. आता ते बायकोसाठी घाबरले. बाजूनं निसटायचं विसरून ते सरळ त्या काळोखावरूनच पोहत सुटले. पोटाला ओल्या गोणपाटासारखं काहीतरी खरखरीत घासलं. डोळे गच्च मिटले, पण हात थांबले नाहीत. बायकोचं मनगट हाती लागलं, तेव्हाच त्यांनी श्वास घेतला.

एवढ्यात तीनशे माणसांच्या धिंगाण्यानं तो काळोख एकदा शहारला, वळला आणि असा सुसाट खोल समुद्राकडे गेला, की त्या लाटेनं नवराबायकोला वाळूवर आणून आपटलं.

टाळ्यांचा कडकडाट! अधिकाऱ्यांनी तर मिठीच मारली. बायको कपडे पिळत हळूच म्हणाली, "साप म्हणत होतात ना?"

"तुला कळलं?"

"वीस वर्षं ऐकतेय. तुमचा प कुठला, फ कुठला, मला नाही कळणार?"

"मग आलीस कशाला?"

"तुम्हाला पोहता कुठं येतं धड!"

हेडक्लार्कांना भरून आलं. त्या भरात त्यांनी कचेरी गाठली आणि खरं काय ते लिहून टाकलं : 'सर्प आहे. समक्ष पाहिला.' गडबडीत खाली सही करायची तेवढी राहिली. कागद अधिकाऱ्यांकडे गेला आणि तासाभरात लाल शाईचा शेरा घेऊन परत आला :

'तक्रारदार भित्रा दिसतो. हेडक्लार्कांनी उद्या पुन्हा पाण्यात उतरून खात्री करावी.'