बाविसावी कुंडी

दार उघडलं की माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. शिरसाटसाहेब तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघतात आणि विचारतात, "तो कोपऱ्यातला कोण?"

पहिल्यांदा मला वाटलं, आमच्या ह्यांच्याबद्दल विचारताहेत. म्हटलं, "मिस्टर आहेत. पेपर वाचताहेत."

"ते नव्हेत. त्यांच्या मागचा. हिरवा."

मागे मनीप्लांट होता.

साहेब आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, पण धाड टाकायची सवय काही सुटली नाही. आता ते झाडांवर धाडी टाकतात. कुठलं शोभेचं झाड मांजराच्या पोटात गेलं तर काय होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. कण्हेर, सायकस, डिफेनबेकिया ही नावं ते फरार आरोपींसारखी घेतात. मनीप्लांट चावला की मांजराचं तोंड पोळतं आणि आमच्याकडे बोका आहे, म्हणून आमचा मनीप्लांट त्यांनी स्वतः स्टुलावर चढून छताला टांगला आणि खाली उतरून म्हणाले, "नोंद घेतली." हे त्यांचं पालुपद. पाणी उशिरा येणार आहे म्हणा, माझे जावई आलेत म्हणा, साहेबांनी नोंद घेतलेली असते.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःकडे मांजर नाही. पाळा की एखादं, म्हटलं तर म्हणतात, "मला मांजरं आवडत नाहीत. शिंका येतात." मग हा एवढा उपद्व्याप कशासाठी, याचं मला भारी कुतूहल. चार-पाच वेळा आडून आडून विचारून पाहिलं. दर वेळी उत्तर एकच: "सार्वजनिक हित."

या संक्रांतीला मात्र आमची जुंपली. हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे काय वाटायचे, म्हणून मी वाण म्हणून फुलझाडं द्यायचं ठरवलं. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून कळ्या धरलेल्या लिलीच्या बावीस कुंड्या आणल्या. बायका खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. साहेब आज खांद्यावरून बघत नव्हते, थेट माझ्याकडे बघत होते.

"लिली वाटलीत?"

"हो. तुमच्याकडे कोणी बाईमाणूस नाही, नाहीतर तुम्हालाही दिली असती."

हे बोलायला नको होतं. पण माझी जीभ नेहमी माझ्या दोन पावलं पुढे असते.

ते तिकडे वळलेच नाहीत. "वहिनी, लिलीचं पान चावलं, नुसते अंगाला लागलेले पराग चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. आपल्या बिल्डिंगमध्ये सात मांजरं आहेत. कुंड्या परत घ्या."

"दिलेलं वाण परत मागू? लोक काय म्हणतील?"

"लोक बोलू शकतात. मांजराला सांगता येत नाही."

 शेवटी मीच तोड काढली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. म्हणून आजच पुन्हा करंडा घेऊन दारोदार जायचं, कुंकू लावायचं, नवं वाण द्यायचं आणि जुनं "किडकं निघालं हो" म्हणून उचलायचं. नवं वाण साहेबांच्या गॅलरीत तयारच होतं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत उगवलेलं गव्हाचं गवत. मांजरांना ते चालतं म्हणे.

बायकांच्या कामात आपण नको, म्हणून साहेब प्रत्येक मजल्यावर पिशव्या घेऊन जिन्यातच उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या देवधर वहिनींनी डब्यात डोकावून विचारलं, "घोडा घ्यायचा विचार आहे का सोसायटीचा?" जिन्यातून आवाज आला, "नोंद घेतली."

संध्याकाळी पार्किंगमध्ये कुंड्या मांडल्या. साहेबांनी मोजल्या. परत मोजल्या.

"एकवीस. बावीस म्हणाला होतात."

 बाविसावी मी स्वतःसाठी ठेवली होती, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. जगाच्या घरांतून कुंड्या काढत फिरले आणि स्वतःचं घर विसरले.

जिना कसा चढलो आठवत नाही. खिडकीतली कळी उमलली होती. शेजारी आमचा बोका बंड्या बसला होता. नाकावर, मिशांवर तपकिरी पूड, आणि तो निवांतपणे पंजा चाटत होता.

"चाटू देऊ नका," साहेब म्हणाले. ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, अंगातला स्वेटर काढून त्यात त्याला गुंडाळलं आणि छातीशी धरून खाली पळाले. रिक्षात बंड्या त्यांना ओरबाडत होता आणि ते शिंकत होते. हात मात्र सैल सोडला नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबांना ओळखलं. बंड्याला तीन दिवस सलाईनवर ठेवावं लागेल, पण वाचेल, म्हणाले. आणि वळता वळता साहेबांना म्हणाले, "या वेळी वेळेत आणलंत."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. आता मात्र आडून विचारण्यात अर्थ नव्हता.

"मागच्या वेळी कोण होतं?"

साहेब स्वेटरवरचे केस वेचू लागले.

"सोनी. हिची मांजर. ही गेल्यावर तिने खाणंपिणंच सोडलं होतं. हिच्या खुर्चीत नुसती पडून असायची. त्यात माझी निवृत्ती आली. ऑफिसने गुच्छ दिला, लिलीचा. मी फुलदाणीत ठेवला. तर सोनी उठून त्यातलं पाणी प्यायला लागली. मला इतकं बरं वाटलं, वहिनी. चला, पाणी तरी पितेय." त्यांना शिंक आली. "मी रोज सकाळी ते पाणी बदलत होतो. तिला ताजं मिळावं म्हणून."

मला माझं सकाळचं बाईमाणसाचं वाक्य आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तेवढ्यात आतून बंड्या खच्चून ओरडला.

"जोर आहे अजून आवाजात," मी कसंबसं म्हटलं.

साहेबांनी रुमाल काढला. आधी नाक पुसलं, मग डोळे.

"नोंद घेतली," ते म्हणाले.