सासरवाडीतलं लाल कार्ड

सूर्यभानराव कुणाच्या बापाला भीत नसत! हे आम्हाला कसं ठाऊक? ते स्वतःच सांगत. नगरच्या शाळेत ड्रिलमास्तर, पण भिंगार कॅम्पात जवानांचे सामने बघत बघत फुटबॉलचे कायदे असे घोटले, की थेट आंतरराष्ट्रीय रेफरी झाले. क्वालालंपूरला हजारो लोकांनी शिव्या घातल्या, तरी गडी तसूभर हलला नाही. अर्थात त्या शिव्या मलय भाषेतल्या होत्या.

एकाहत्तरच्या थंडीत बेलापूरजवळच्या सासरवाडीहून बोलावणं आलं. त्यांचा मेहुणा मच्छिंद्र, त्यानं गावात फुटबॉलचा संघ काढला होता आणि गाठ होती साखर कारखान्याच्या पोरांशी. विजयमाला, म्हणजे बायको, बरोबर निघाली ती बडबडतच.

"अवं, तितं तुमी जावई हाय. शिट्टी कशाला फुंकताय?"

"मैदानावर मी कुणाचा जावई नाही!" सूर्यभानराव गरजले.

सामन्याला सगळं गाव बांधावर बसलेलं, ज्याच्या त्याच्या हातात खायला ऊस. खेळ रंगात आला आणि मच्छिंद्रनं कारखान्याच्या एका पोराच्या नडगीवर अशी लाथ हाणली, की पोरगं कळवळून लोळायलाच लागलं! रावांनी खिशातून लाल कार्ड काढलं. ते जगातच नुकतं आलेलं, गावाला कुठलं माहीत असायला!

"ह्ये काय, दाजी?"

"बाहेर हो!"

"माज्याच गावातनं?"

"मैदानातनं!"

"न्हाई जात!"

कायदा स्पष्ट होता. "सामना रद्द!" असं ओरडून रावांनी चेंडू काखोटीला मारला आणि एस.टी.चा रस्ता धरला. तोच मागं कुणीतरी बोंबललं, "आरं धरा! धरा त्यास्नी!"

वळून बघतात तर अख्खं गाव उठलेलं, हातातल्या उसासकट! रावांनी पाय उचलले, गावानंही उचलले. ते पळाले, गावही पळालं!

"सुटता कामा न्हाई!"

"आज सोडलं तर तोंड कुनाला दावायचं?"

सगळ्यांत पुढं खुद्द सासरे, पुंजाराम पाटील, धोतराचा सोगा हातात धरून! मलय बरी म्हणायची, इथला शब्दन् शब्द कळत होता. रावांनी चेंडू टाकला आणि समोरच्या उसाच्या फडात मुसंडी मारली. पातीनं गाल कापले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खरीखुरी भीती वाटली. इथंच आपला शेवट, असं ते धरूनच चालले.

"भायेर या! न्हाईतर आमी आत येतो!" पुंजाराम ओरडले.

राव हात वर करून बाहेर आले. डोळे घट्ट मिटून पहिल्या टोल्याची वाट बघू लागले. टोला काही बसेना! डोळे किलकिले केले, तर पुंजारामांचं पागोटं त्यांच्या पायाशी!

"जावईबापू, चुकलं आमचं. पर रुसून, बिनजेवता येशीच्या भायेर जाऊ नगा. जावई उपाशी गेला तर गावाची लई नाचक्की व्हईल!"

रुसून? रावांच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायचं, तर गावासमोर 'भ्यालो' म्हणायला हवं! त्यांनी हात खाली घेतले, घसा खाकरला.

"रुसलोच आहे!"

"मंग काय बी मागा. घड्याळ? रेडू?"

"मच्छिंद्र बाहेर बसेल, तरच जेवेन."

कायद्यानं जे झालं नव्हतं, ते रुसव्यानं झालं. पुंजारामांनी लेकाच्या पाठीत उसाचं टिपरू घातलं. "बस तिकडं! दाजी रुसल्यात, दिसत न्हाई?" सामना पुरा झाला, गाव सडकून हरलं, आणि कुणी चकार शब्द काढला नाही!

मग पाट मांडले, पुरणपोळीवर तुपाची धार पडली, आणि रावांना कंठ फुटला. "मी म्हटलं, मामा, लाल म्हणजे लाल!"

विजयमाला पोळी वाढायला वाकली आणि कानाशी पुटपुटली, "अवं, रुसल्यालं मानूस हळू चालतंय. कुनीतरी हाक मारावी म्हनून."

रावांनी मान खाली घातली आणि आणखी एक पोळी मागितली.