चिंतूमास्तर आणि डंपिंगचं पाणी

आमचे शेजारी चिंतूमास्तर पाहुण्याला चहाआधी बाटली दाखवतात. पाहुणा खुशीत सावरून बसतो. पण बाटलीत असतं गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डंपिंगमधून झिरपलेलं काळंकुट्ट पाणी. झाकण उघडून मास्तर म्हणतात, “घ्या वास. लाजू नका!” आमच्या जावयानं घेतला. तेव्हापासून तो रेवदंड्याला आला की बाहेरूनच जेवून येतो.

मास्तर आम्हाला शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीवर जातात, हे गच्चीवर गेले. तिथं उथळ ट्रेमध्ये ते पाणी ओततात, थोडं ॲसिड, चिमूटभर हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, वर हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात आणि उन्हात ठेवतात. ऊन लागलं की औषध घाण जाळायला लागतं. संध्याकाळी चुन्याची निवळी टाकली की गंज तळाला बसतो, वर पाणी नितळ.

“शहरात यासाठी मोठाले दिवे लावतात,” मास्तर सांगतात. “बिल बघून आपली पंचायत झोपंल. सूर्याला मीटर न्हाय!”

वास मात्र थेट आमच्या स्वयंपाकघरात. मी तक्रार केली तर म्हणाले, “तुझे बोंबील वाळतात तवा मी काय बोलतो काय?” मी विषय बदलला.

“पण सर, हा उपद्व्याप कशासाठी?”

“विज्ञानासाठी.”

साफ खोटं. तो होता हिराबायसाठी. ही त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं खाडीत कमरेएवढ्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढल्या, बाजारात विकल्या आणि भावाला मास्तर केलं. डंपिंगचं पाणी खाडीत उतरायला लागलं, तसं गिऱ्हाईक “कुठल्या खाडीच्या?” विचारून पुढं जाऊ लागलं. हिराबायनं पाटी उपडी घातली. “खाडी मेली,” म्हणाली आणि दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली. मला तिच्याकडं बघवत नसे.

म्हणून मास्तरांना नुसतं नितळ पाणी पुरत नव्हतं. “नितळ तर रॉकेलपन असतं!” ते त्या पाण्यात खाडीइतकं मीठ घालायचे आणि लांबून आणलेल्या जिवंत तिसऱ्या सोडायचे. पोटातली रेती बाहेर टाकायला आपण तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो ना, तसंच. पाणी मानवलं तर त्या तोंड उघडतात. मास्तरांच्या तिसऱ्या गच्च मिटलेल्या. मास्तर ट्रेवर वाकून आर्जवं करायचे, “उघड गो बाय, उघड.” आम्हा पोरांशी ते इतक्या मायेनं कधी बोलले नव्हते.

शेवटी चूक सापडली. घाईत पेरॉक्साइड पाण्यात शिल्लक राहत होतं आणि तिसऱ्यांना बाधत होतं. परवा त्यांनी ते विरून जाईपर्यंत पाणी निवांत मुरू दिलं, मग तिसऱ्या सोडल्या. मी वासाबद्दल भांडायलाच वर गेलो होतो. बघतो तर मास्तर कठड्यावरून ओरडतायत, “ताय! वर ये, ताय!”

हिराबाय कण्हत जिना चढली. ट्रेमध्ये तिसऱ्या उघडून निवांत रेती टाकत होत्या. ती खाली बसून बघत राहिली.

“एका ट्रेनं खाडी धुतली जानार हाय काय रं?”

“न्हाय,” मास्तर म्हणाले. “पंचायतीला दाखवीन, मोठी टाकी मागीन. देतील, न देतील. पन पानी सुधरतं, ताय. मना तुला येवढंच दाखवायचं व्हतं.”

हिराबाय उठली, पदर खोचला.

“तू पानी लय सांडतंस. हो बाजूला. दुसरी बादली कुठं हाय?”

मास्तर बाजूला झाले. माझं वासाचं भांडण राहूनच गेलं. बादली खाली होती. मी जाऊन घेऊन आलो.